भेकिफाचं तिकीट

एक काटा सरळ, शेजारचा आत वळलेला... बोरीच्या फांदीला काटे असे जोडीनेच येतात, आणि त्यातला वळलेला मान्योसीच्या तळहातात रुतला होता, तरी मूठ सैल करायची त्याची छाती होत नव्हती. फांदी निसटली तर भेकिफा निसटेल. तीस वर्षांपूर्वी मोमेच्या दरीत, पहाटेच्या धुक्यात, गोऱ्यांच्या तोफांनी माणसं कापून काढली, त्यातच त्याचा हा थोरला भाऊ गेला. तिथेच आज सकाळी, भावाचा जीव हिच्यावर येऊन बसावा म्हणून, त्याने ही फांदी जमिनीवरून ओढली होती, "दादा, घरी चल" म्हणत — आणि आता घर येईपर्यंत तिच्याखेरीज कुणाशी बोलायचं नाही. वाटेत जे येईल ते तिला सांगायचं. नाही सांगितलं तर मेलेलं माणूस तिथेच थांबतं.

आणि दादा तिथे थांबला तर मुझी जाणार. खाणीतून खोकला घेऊन आलेला मुझी, दोघं गेल्यावर उरलेला त्याचा एकच मुलगा... "तुमचं कुणीतरी बाहेर थंडीत उभं आहे, म्हणून घरातली पोरं जातायत," देवऋषीण म्हणाली होती.

"दादा, बस आली. चढ."

"किती माणसं?" तिकीटवाल्याने विचारलं.

"तीन," मासिबिया म्हणाली. ती त्याची बायको. आज त्याची जीभही तीच.

"दोनच तर दिसतात."

"ह्यांच्या हातात माझे थोरले दीर आहेत. तुझी आजी गेली तेव्हा तिला काय टपावर टाकून आणलंत?"

बस हसली. तिकीटवाल्याने टोपी काढली. "तीन तर तीन, मावशी. डोक्यामागे एक शिलिंग."

डोक्यामागे... तेव्हा गोऱ्या सरकारने बसवलेली डोईपट्टी. लग्न न झालेल्या पोरांनाही डोक्यामागे एक पौंड. "डोकं आईने दिलंय, ह्यांच्याकडून विकत कशाला घेऊ?" भेकिफा म्हणाला होता. बाबा घाबरले. तांबडी कालवड विकून त्यांनी तो पौंड बारा वर्षांच्या मान्योसीच्या मुठीत कोंबला — कचेरीत त्याच्या नावाने भर, त्याला बोलू नकोस. मूठ तेव्हाही अशीच आवळलेली. संध्याकाळी पावती भेकिफाच्या हाती लागली. तो ओरडलासुद्धा नाही. "माझं डोकं विकून आलास, मान्या?" एवढंच म्हणाला, भाला उचलला आणि डोंगरात बंडवाल्यांना जाऊन मिळाला. मी कचेरीत गेलो नसतो तर... दादा तुरुंगात गेला असता, फटके खाल्ले असते, पण जगला असता!

"द्या ना हो, थांबलाय तो," मासिबिया कुजबुजली.

पैसे त्याच्याच खिशात होते. न भरावेत तर दादाला जागा नाही, तो इथेच रस्त्यावर. भरावेत तर —

"दादा," तो फांदीला म्हणाला, "तुझे पैसे भरतोय. तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगून भरतोय."

फांदी फांदीसारखीच होती. त्याने शिलिंगं दिली, खिडकीची जागा मोकळी ठेवली आणि कडेला टेकला. बस हलली. दादा चढला की मागे धुळीत उभाच राहिला, कुणाला विचारणार? मागे वळून बघायला जीव धजेना.

तीस वर्षं तो भेकिफाच्या रागाला भीत आला होता. आता शेजारी काहीच नव्हतं, रागसुद्धा नाही, आणि त्याला एकदम रडू फुटलं.

पुढे ओढा दिसला. दादा, ओढा आहे, असं म्हणायचं होतं.

"दादा, शिव्या दे," तो म्हणाला, "पण चल."