पाहिले, सही, बाबुराव

माणसाच्या मनात काय चाललंय ते बाबुराव नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत, हे अख्ख्या खडकीला ठाऊक होतं. बाबुरावांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं फायलींवर ‘पाहिले’ असा शेरा मारून सही केलेला माणूस. त्याच्या नजरेतून काय सुटणार?

म्हणूनच त्यांची बायको, चंपाबाई, दर मंगळवारी भाजीला थेट मंडईत जाऊ लागली, तेव्हा त्यांनी तिसऱ्याच महिन्यात ताडलं, की कुठेतरी पाणी मुरतंय. भाजीवाला दारात येत असताना बसने मंडई? आणि तीन तासांनी पिशवीत मेथीची एक जुडी?

त्या मंगळवारी बाई हातपाय धुवायला आत गेल्या आणि बाबुरावांनी पिशवी तपासली. मेथीखाली वही निघाली. न कळणारी अक्षरं, आणि शेजारी बाईंच्या वळणदार हस्ताक्षरात: ‘ओइदा. पाहिलं आहे, म्हणजे माहीत आहे.’

बाबुरावांनी ते दोनदा वाचलं. काय पाहिलं हिने? साखर वाढल्यापासून ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज संध्याकाळी स्टेशनापर्यंत चालत. स्टेशनासमोर गरम जिलबी मिळे, हा योगायोग. पण ते त्यांचं गुपित. चाळीस वर्षांच्या संसारात बाईंचंही एखादं असावं, हे काही त्यांना सहन होईना.

“कोण हा ओइदा?”

“क्रियापद आहे,” चंपाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. मंडईमागे एक निवृत्त प्राध्यापिका ग्रीक शिकवत. कंदाहारला सम्राट अशोकाचा लेख ग्रीकमध्येही कोरलेला आहे, हे विहारातल्या व्याख्यानात ऐकल्यापासून बाईंना तो स्वतः वाचायचा होता. आज हे क्रियापद झालं. रूप होऊन गेलेल्या गोष्टीचं, ‘पाहून झालंय’ असं. अर्थ मात्र आत्ताचा, ‘मला माहीत आहे’. ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक, असा त्या लोकांचा हिशेब.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही लगेच मला शिकवायला बसला असतात.”

बाबुराव दुखावले. आपणही जन्मभर ‘पाहिले’च लिहीत आलो, असं त्यांनी जरा तोऱ्यातच सुनावलं.

“पाहून?”

बाबुराव पंख्याकडे बघू लागले. बाईंनी वही मिटून कपाटात ठेवली, उघडपणे, वरच्या खणात.

“ओइदा,” त्या म्हणाल्या. “कालचा शर्ट तेवढा द्या, भिजत घालते. खिशाला पाक लागलाय.”