धाकट्याच्या खोलीतली घरघर

आमच्या आईला उघडी वस्तू बघवत नाही. शिलाई मशीनला झगा, रेडिओला झगा, मिक्सरला तर झालर लावलेला झगा. बाबा होते तेव्हा म्हणायचे, "मी जरा जास्त वेळ एका जागी बसलो तर मलाही मापाचा शिवून टाकेल." त्यावर मी जन्मभर हसत आले, आणि त्याच खोडीपायी आई घरासकट जळायची वेळ आली होती.

शेजारच्या काकूंचा फोन भर दुपारी आला. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, वर्गातच होते. "अगं, तुमच्या भिंतीकडून प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय. तुझ्या आईला विचारलं तर म्हणते मला नाही येत. तू ये बाई." तास तसाच टाकून निघाले आणि वाटेत आईला मनातल्या मनात भरपूर झापून घेतलं. समोर गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, हे ठाऊक होतं.

जिन्यातच घरघर ऐकू आली. धाकट्याच्या कॉम्प्युटरचा पंखा. धाकटा म्हणजे माझा भाऊ. घरांचे नकाशे काढायचा, दिवस म्हणायचा नाही की रात्र. त्या जुन्या पंख्याची घर्रर्र, मधेच एक टक, परत घर्रर्र. ती ऐकू येते आहे तोवर पोरगं घरात आहे, कामाला बसलंय, एवढं आईला पुरायचं. मागच्या हिवाळ्यात तो दुचाकीची किल्ली उचलून म्हणाला, "बंद करू नकोस हं आई, काम चालू आहे. आलोच." तो परत आला नाही आणि आईने कॉम्प्युटर बंद केला नाही. आम्हीही तिला कोणी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, पण कोणत्या तोंडाने बोलणार?

मी बेल वाजवली तशी घरघर थांबली. आईने दार उघडलं.

"आलीस? आज शाळा नाही?" तिचा घसा पार बसला होता. फोनवरही गेले काही आठवडे तसाच होता. डॉक्टरांच्या गोळ्या चघळून काही उपयोग नव्हता. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"वास कसला येतोय?"

"कसला?"

मी तिला बाजूला सारून धाकट्याच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. आईने आपला पलंग टेबलाला चिकटवला होता. उशीपासून हातभर अंतरावर कॉम्प्युटरचा उभा डबा, आणि त्या डब्याला धाकट्याचा करडा स्वेटर घातलेला. गळ्यापासून खालपर्यंत नीट ओढून, बाह्या पुढे घेऊन गाठ मारलेली. कोणीतरी हाताची घडी घालून बसावं तसा तो बसला होता.

"अगं, हे काय?"

"थंडी पडली ना. गार लागायचा हाताला. आता बघ कसा छान ऊबदार असतो."

मी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. डब्याखालचं लाकूड तपकिरी पडलं होतं. वास तिथूनच येत होता.

"हल्ली मधूनच मिटतो," आई म्हणाली, "मी परत बटण दाबते. दमतो बिचारा."

ती पलंगावर बसली आणि पाठोपाठ घरघर सुरू झाली. घर्रर्र, टक. मी स्वेटर थोडा वर केला आणि मागच्या जाळीसमोर कागदाचा कपटा धरला. पंखा चालू असेल तर वाऱ्याने कागद उडायला हवा. कपटा माझ्या बोटांत मुकाट लोंबत राहिला. वारा नाही आणि आवाज मात्र आहे. आतला दुसरा पंखा असेल, मी स्वतःला सांगितलं. पण त्या आवाजात काहीतरी चुकत होतं. मधूनच तो दम घेत होता.

मी प्लगकडे वाकले तशी आईने माझं मनगट धरलं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली देव जाणे.

"बंद करू नकोस! तो सांगून गेलाय."

"आई, आग लागेल. झोपेत जळशील."

"जळले तर जळले. तो आल्यावर काय सांगू?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आईचा, धाकट्याचा, त्या 'आलोच'चा. मी तिचा हात सोडवला आणि प्लग ओढून काढला. पडद्यावर त्याने चित्र म्हणून लावून ठेवलेला अर्धा नकाशा विझला.

क्षणभर खोलीत काहीच वाजलं नाही. मग घर्रर्र, टक.

"बघ," आई शांतपणे म्हणाली, "कुठे बंद झालाय?"

मी हातातल्या प्लगकडे बघितलं. हात तेवढे सवयीने चालत राहिले. शाळेतल्या पोरांना शिकवते तसं डब्याचं बटण दाबून धरलं, आतला उरलासुरला करंट निघून जावा म्हणून. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून रंग नसलेल्या पत्र्याला बोट टेकवलं. स्वेटर उतरवला, फडक्याने धरून बाजूचा पत्रा काढला. आत करड्या लोकरीचा नुसता पुंजका. पंख्यांनी स्वेटरचे धागे आत ओढले होते आणि ते दांड्यांभोवती करकचून गुंडाळले गेले होते. एकही पातं हलत नव्हतं. पेन्सिलीच्या टोकाने ढकललं तरी हललं नाही. करंट पुरवणाऱ्या बंद डब्याच्या जाळीमागेही लोकर दिसत होती. तो डबा कधी उघडायचा नाही, प्लग काढला तरी करंट आत दबा धरून असतो. सरळ नवा बसवायचा. हे मी वर्गात शंभरदा सांगितलंय आणि आता पुन्हा मनात म्हणत होते, कारण माझ्या पाठीमागे घरघर चालूच होती.

मी वळले. आई पलंगावर बसली होती. ओठ मिटलेले, नजर डब्यावर, आणि गळ्याची कातडी थरथरत होती.

मी तिच्या गळ्याला हात लावला. थरथर माझ्या बोटांत आली.

"आई, थांब गं."

"काय थांबू?" ती म्हणाली आणि घरघर तुटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ऐकलंस? पडला बंद! तू पाडलास!" मग ओठ मिटले, गळा हलला, जिभेने टक केलं. "हां," ती सुटकेने म्हणाली, "लागला परत."

तिला खरंच ठाऊक नव्हतं. पंखे अडकले तेव्हा तिच्या घशाने तो आवाज उचलला होता आणि तिला पत्ताही लागू दिला नव्हता. डोळा लागला की आवाज थांबणार, थांबला की ती दचकून उठणार. किती आठवडे ती झोपली नव्हती कोण जाणे. आगीतून वाचवली तरी ही बाई अशीच मरेल, एवढं मला लख्ख दिसलं.

"आई, तू आडवी हो," मी म्हटलं. "मी बघते त्याच्याकडे."

"बंद नाही ना करणार?"

"नाही."

मी टेबलाला पाठ लावून जमिनीवर बसले, प्लग मांडीवर घेतला आणि ओठ मिटून घर्रर्र केलं. पहिल्यांदा लाज वाटली. मग जमलं. आईचे डोळे जड झाले, पण मिटेनात.

"टक कुठाय?" ती पुटपुटली.

टक मला जमेना. जीभ वळेना. ती वाट बघत राहिली, भुवया आक्रसून.

टक.

माझ्या पाठीमागे, डब्यात. तापलेला पत्रा निवताना वाजतो, हेही मी पोरांना शिकवते. माझी घर्रर्र संपली, टक. पुन्हा घर्रर्र, पुन्हा टक, नेमकं जिथे हवं तिथे. आईच्या कपाळावरची आठी उलगडली. तोंड किंचित उघडं पडलं आणि लहान मुलासारखा तिचा श्वास संथ चालू लागला.

कितीतरी वेळाने मी हात मागे नेऊन पत्रा चाचपला. तो केव्हाच गार झाला होता.

टक.

मी घरघर थांबवली नाही. थांबायची माझी छाती झाली नाही.