दोनशे नव्वद किलोमीटर, सव्वा तास

तिची नोकरी एका गावात आणि माहेर दुसऱ्या गावात. दोन्हीकडे लहानसे विमानतळ, मध्ये अंतर दोनशे नव्वद किलोमीटर. छोट्या विमानाला हवेत जेमतेम चाळीस मिनिटं लागत. छापील वेळापत्रकात मात्र सव्वा तास, कारण वेळापत्रक तीच बनवायची. धावपट्टी मोकळी नसली, पायलटाचा चहा लांबला, तरी विमान 'वेळेवर'. सगळं सुरळीत झालं तर 'वेळेआधी'. प्रवासी खूश, साहेब त्याहून खूश. ऑफिसात याला मार्जिन म्हणत. बाहेर याला थाप म्हणतात.

ही खोड तिने घरीही नेली. आईला रविवार कळवायचा आणि शनिवारीच दारात उभं राहायचं. आई दर वेळी हरखायची. वर्षानुवर्षं तोच खेळ. लेकीला वाटायचं, काय मस्त फसवलं!

आईने अंथरूण धरलं. मग एका बुधवारी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, डॉक्टर म्हणतात आता फार दिवस नाहीत. कधी येतेस?"

नव्या हंगामाचं वेळापत्रक शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. रजा मागितली असती तर मिळाली असती, साहेब काही राक्षस नव्हता. पण दुसऱ्या कुणी हात लावला तर सगळा विचका होईल, असं तिने स्वतःला पटवलं. खरं म्हणजे आपल्यावाचून ऑफिसचं अडतं, हे तिला फार आवडायचं.

"शनिवारी सकाळच्या विमानाने," ती म्हणाली. या वेळी तिने दिवस वाढवला नाही. मरणाच्या दारातल्या माणसाशी कसले खेळ खेळायचे? आयुष्यात पहिल्यांदाच आईला खरा दिवस सांगितला. शुक्रवारभर ती पाच-पाच मिनिटांसाठी लोकांशी भांडत बसली.

शनिवारी विमान अर्धा तास आधी उतरलं. भाऊ बाहेर उभा होता, दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. बघताक्षणी तिला कळलं.

"काल संध्याकाळी गेली," तो म्हणाला. "रात्री तुला विमान नव्हतं, म्हणून कळवलं नाही."

"अरे, पण मी शनिवारच म्हणाले होते. वेळेवर आलेय मी!" काहीतरी बोलायला हवं म्हणून ती हे बोलली, आणि बोलल्यावर तिची तिलाच किळस आली.

"मीही तेच सांगत होतो तिला. ऐकेचना. म्हणाली, 'गप रे, ती शनिवार म्हणते म्हणजे शुक्रवारी टपकणार. मी काय आज ओळखते तिला?' तुझं नाटक तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, ताई. तू खूश व्हावीस म्हणून हरखायची. काल सकाळपासून डोळे दाराकडे. नर्स झोपेचं इंजेक्शन घेऊन तीनदा आली. तीनदा परत पाठवलं. झोप लागली आणि तू आलीस तर?"

"दुखत होतं का रे तिला?"

"फार."

तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला. "शेवटी काही म्हणाली?"

हे त्याला गिळता आलं असतं. पण शुक्रवारचा अख्खा दिवस त्याने एकट्याने काढला होता.

"म्हणाली, 'पोरीने या वेळी उशीर केला. दार लोटून घे.' मग इंजेक्शन घेतलं."