तोमचौंचा राजवंशी डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. पान घ्यायला म्हणून हात पुढे येतो, पण नजर माझ्या झाकणावर खिळलेली असते. झाकणावर स्वतःची शेपटी तोंडात धरलेला पाखंगबा कोरला आहे. हा सर्पदेव म्हणजे आमच्या मणिपूरच्या राजांचा मूळपुरुष. तो दिसला की माणसे सुपारी विसरतात आणि हळूच विचारतात, "डबा कुणाकडचा?" असे विचारणाऱ्याच्या मनात काहीतरी शिजत असते, हे मी अनुभवाने सांगतो.

एका राजाच्या तिसऱ्या राणीसाठी मला घडवले होते. कासाराने झाकण असे बसवले की सापाच्या डोक्यावर डावा अंगठा दाबून ते किंचित मागे सरकवले, तरच मी उघडतो. राणीला हे फार आवडले, कारण तिच्या सवतींना ते जमत नव्हते. त्या महालात सगळ्याच एकमेकींच्या पानाकडे संशयाने बघत. संशयाचे बाळकडू मला तिथेच मिळाले.

गादीवर थोरल्या राणीचा मुलगा बसला. माझ्या राणीचा मुलगा वेगळे घर करून राहिला आणि मी त्याच्याकडे गेलो. पुढे त्याच्या धाकट्या मुलाकडे, मग त्याच्याही धाकट्याकडे. दर पिढीला माझे घर राजवाड्यापासून जरा लांब जाई आणि अंगण लहान होई. नावाआधी 'राजकुमार' मात्र सगळेच लावत. सणाला सगळ्या शाखांचे भाऊबंद जमले की वरच्या चटईवर कुणी बसायचे यावरून ताणाताणी ठरलेली.

"आमचे पणजोबा थोरले," एकजण म्हणे.

"थोरले खरे. पण कितव्या राणीचे?" दुसरा लगेच विचारी.

मग राग गिळायला पान हवे म्हणून मी दोघांच्या मध्ये फिरत असे.

शेवटी मी इबेतोन नावाच्या तरुण सुनेच्या हाती आलो. तिच्या अंगठ्याला माझी सवय इतकी झाली की बोलता बोलता, न बघता ती मला उघडत असे. मग जपानी लढाई आली. इम्फाळवर बॉम्ब पडू लागले. तिचा नवरा तापाने गेला आणि तांदळाचे मडके रिकामे झाले. एके दिवशी तिने मला अंगावरच्या वस्त्राखाली झाकून नेले आणि एका व्यापाऱ्याला विकले. घरी मात्र सांगितले की पळापळीत डबा चोरीला गेला. मित्रांनो, ज्या हातावर माझा भरवसा होता, तोच हात मला सोडून गेला. त्या दिवसापासून मी कुणाचाही हात ओळखायचा नाही असे ठरवले.

व्यापाऱ्याकडून मला तोमचौंनी घेतले. ते नुकतेच आसामातल्या कछारहून येऊन थौबालच्या बाजूला स्थायिक झाले होते. गावात त्यांना कुणी ओळखत नव्हते. मी घरात आलो आणि ओळख आपोआप तयार झाली. "पूर्वीच्या धामधुमीत कछारला पळालेल्या राजपुत्राचे आम्ही वंशज," ते सांगू लागले. "जिवाच्या भीतीनं खुमान कुळाचं नाव लावलं, एवढंच." पुरावा म्हणून मला पुढे करत. गाव मान डोलावी, आणि जेवणावळीत तोमचौ वरच्या चटईवर बसत.

मला उघडणे मात्र त्यांना कधीच जमले नाही. ते कडेत सुरी घालून मला उघडत. ते ओरखडे अजून माझ्या अंगावर आहेत.

"राजाच्या वंशजाला स्वतःचा डबा उघडता येत नाही होय?" त्यांची बायको विचारी.

"जुना झालाय. गंजलाय तो."

"पितळ कधीपासून गंजायला लागलं?"

यावर तोमचौ अंगणात निघून जात.

पुढे त्यांच्या नातवाचे, खोमदोनचे, इम्फाळमधल्या थंबालसना नावाच्या मुलीशी जमले. मुलगी राजकुमारांच्या घरातली, मुलगा खुमान कुळातला. कुळे वेगळी, त्यामुळे कशाचीच अडचण नव्हती. बोलणी पक्की करायला निघताना तोमचौंनी मला पिशवीत घातले.

"आज तरी डबा घरी ठेवा," बायको म्हणाली.

"अगं, राजकुमारांच्या घरी चाललोय. आपण कोण आहोत ते त्यांनाही कळू दे."

मला तेव्हाच धोक्याचा वास आला. पण डब्याला कोण विचारतो?

मुलीच्या घरातले वडीलधारे म्हणजे तिचे चुलत आजोबा, राजकुमार सनायाइमा. त्यांनी मला हातात घेतले, साप निरखला आणि तोमचौंची सगळी कथा शांतपणे ऐकून घेतली. मग तोमचौंना वरच्या चटईवर बसवले. तोमचौ खुलले.

"म्हणजे पाहुणे, तुम्हीही पाखंगबाचेच वंशज?"

"तेच तर सांगतोय."

"म्हणजे कुळानं निंगथौजा, राजाच्याच कुळातले."

"अर्थात."

"आम्हीही निंगथौजाच," सनायाइमा म्हणाले. "मग ही दोघं तर भाऊबहीण झाली. लग्न कसलं लावताय?"

आमच्याकडे एका कुळात लग्न होत नाही. हे तोमचौंना ठाऊक नव्हते असे नाही. चाळीस वर्षे बढाई मारताना ते त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. दारात थंबालसना पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तसे आम्ही खुमानच..." तोमचौ चाचरले.

"मघाशी निंगथौजा, आता खुमान. दोन्हींतलं एक खोटं आहे, आणि कुठलं ते मला कळायला मार्ग नाही. मी घरातली मुलगी अशा संशयात देणार नाही. पान घ्या आणि निघा."

पानासाठी मला उघडायला गेले, तर कुणालाच जमेना. तोमचौ सुरी मागू लागले. तेवढ्यात मुलीची आजी नातीकडे बघत पुढे झाली. तिने मला मांडीवर घेतले. डावा अंगठा सापाच्या डोक्यावर आला आणि मी उघडलो.

मित्रांनो, तो अंगठा म्हातारा झाला होता. पण तो इबेतोनचाच होता.

"वहिनी," सनायाइमा म्हणाले, "तुम्हाला कसा उघडला?"

ती योगायोग म्हणू शकली असती. तसेच ती म्हणेल अशी माझी अटकळ होती. तिने दाराकडे पाहिले.

"माझाच डबा आहे. चोरीला नव्हता गेला. मीच विकला, तांदळासाठी. तुम्हाला काय तोंड दाखवू म्हणून आजवर बोलले नाही."

सनायाइमांचे कान लाल झाले. पण संशय सुटेना. "डबा आपला असेल, मी तेव्हा लहान होतो. म्हणून पाहुण्यांचं रक्त खुमानांचं ठरतं का?"

आता सगळे तोमचौंकडे पाहू लागले. त्यांच्या गावची माणसेही सोबत बसली होती, ज्यांनी चाळीस वर्षे त्यांना वर बसवले होते. तोमचौ स्वतःच चटईवरून उठले आणि खाली, गावकऱ्यांच्या शेवटी जाऊन बसले.

"माझा बाप कछारला नाव वल्हवायचा. कुठलाही राजपुत्र पळून आला नव्हता. डबा मी विकत घेतला. दर वर्षी प्रत्येक कुळाच्या मूळपुरुषाची पूजा होते, तेव्हा मी गुपचूप खुमानांच्यात जाऊन बसतो. त्यांना विचारा."

"पूर्वजांसमोर परक्या कुळात कुणी बसत नाही," सनायाइमा म्हणाले. "लग्न होईल."

इबेतोनने पहिले पान लावले आणि खाली जाऊन तोमचौंच्या हातात ठेवले. तोमचौ मला परत देऊ लागले, पण तिने घेतले नाही. "विकलेली वस्तू मी परत घेत नाही. नातीला द्या." म्हणून नवरीच्या सामानातून मी पुन्हा तोमचौंच्याच घरी आलो. घरी पोहोचल्यावर थंबालसनाने आजेसासऱ्यांचा अंगठा धरून सापाच्या डोक्यावर ठेवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी सुरीशिवाय त्यांच्या हातात उघडलो. ते रडले, आणि खरे सांगतो, मलाही भरून आले.

मित्रांनो, मला चिंच लावून फार घासू नका. साप पुसट होत चालला आहे. आणि कृपा करून कडेत सुरी घालू नका. पाहुणे अजूनही विचारतात, "डबा राजाचा आहे का हो?" मी कान टवकारून उत्तराची वाट बघतो, कारण सवय जात नाही.

"डबा राजाचा," तोमचौ म्हणतात. "मी नावाड्याचा. पान घ्या."