तोंडातला मका

"पेन्सिल दातांत धर आणि म्हण. मेसा."

"मिसा."

"मिसा म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मावशे! तुला टेबल म्हणायचंय ना? मेऽसा. पोरांनी वही काय प्रार्थनेवर ठेवायची?"

येसेनिया खो खो हसली. हर्मेलिंदाही हसली, पण हातातले तक्ते घामाने ओले झाले होते. दोघी शिक्षणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, पण एक बावीस वर्षांची, पेरूच्या राजधानीत, लिमातच जन्मलेली, आणि दुसरी एकोणचाळीसची, आयाकुचोच्या डोंगरातून आलेली. हर्मेलिंदा दुपारी विद्यापीठाच्या भोजनगृहात मुलांना सूप वाढायची आणि संध्याकाळी त्याच मुलांच्या शेजारी बसून शिकायची. अशी नऊ वर्षं झाली होती. सगळे तिला मावशी म्हणत, आणि ताट रिकामं असलं की जरा जास्तच गोड म्हणत.

अडचण जिभेची होती. तिची मायबोली केचुआ, डोंगरातल्या लोकांची भाषा. त्या भाषेत स्वर तीनच, त्यामुळे स्पॅनिश बोलताना 'ए'च्या जागी 'इ' कधी येऊन बसतो ते बोलणाऱ्याला कळतही नाही. असं बोलणाऱ्याच्या तोंडात उकडलेला मका आहे, असं लिमाची माणसं म्हणतात. म्हणणाऱ्याला त्यात मोठी गंमत वाटते.

गावच्या शाळेत मास्तर या मक्यापायी छडी मारायचा. आपण बाई व्हायचं आणि आपल्या वर्गात कुणाला हसू द्यायचं नाही, एवढं एकच वेड घेऊन ती लिमाला आली होती. आता पदवी एका पाठावर अडली होती. सराव शाळेतली पहिलीची मुलं समोर बसवायची, मागे तीन परीक्षक, आणि चाळीस मिनिटं शिकवायचं. या पाठात ती दोनदा नापास झाली होती. विसांपैकी अकरा गुणांना पास. दोन्ही वेळा तिला दहाच मिळाले. "सूप फार छान वाढता तुम्ही, बाई," मुख्य परीक्षक डॉक्टर पास्तोर मागच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पण पोरांपुढे येण्याआधी तोंडातला मका गिळून या." स्वतः पास्तोर कुठल्या डोंगरातून आले, हे त्यांना कुणी विचारलेलं खपत नसे. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याचं नाव विद्यापीठ कमी करत असे. मग नऊ वर्षं पाण्यात.

आज तिसरी खेप होती. परीक्षेच्या वर्गातून हाक आली. विषयाची चिठ्ठी उचलायची होती. तिने उचलली, उघडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. 'ए' आणि 'इ' या स्वरांतला फरक.

"वा!" पास्तोर म्हणाले. "नशीबसुद्धा काय विनोदी असतं! करा सुरुवात."

आणि नवल म्हणजे तिने छान शिकवलं. तिने हातातल्या तक्त्यांतून टेबलाचं चित्र काढून लावलं, मेसा म्हटलं. चर्चचं चित्र लावलं, मिसा म्हटलं. प्रत्येक शब्दाआधी ती जीभ बेताने जागेवर ठेवत होती, गढूळ ओढ्यात पाय ठेवताना माणूस आधी तळ चाचपतो तशी. पोरं तिच्यामागे म्हणत होती. वीस मिनिटांनी तिला स्वतःचा आवाज खऱ्या बाईसारखा वाटू लागला. तिला फार बरं वाटलं.

मग तिने टेबलाच्या चित्राकडे बोट दाखवून शेवटून दुसऱ्या रांगेतल्या मुलीला विचारलं. दोन वेण्या, थंड वाऱ्याने तडकलेले गाल; महिन्यापूर्वीच डोंगरातून आलेली नायदा.

"मिसा," नायदा म्हणाली.

वर्गातलं कुणी हसलं नाही. बहुतेकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. हर्मेलिंदाच्या प्रत्येक पाठटाचणात अशा वेळेसाठी एक ओळ होती, तिनेच लिहिलेली: मुलाची चूक बोलून दाखवू नये, योग्य शब्द आपल्या बोलण्यात सहज आणावा.

"छान. मेसा. आता मेसावर काय काय ठेवतो आपण?" ती म्हणाली.

"थांबा," मागून पास्तोर म्हणाले. "मुलगी काय म्हणाली? ऐकलंत का? की तुमच्या कानालाच हा फरक कळत नाही?"

त्यांनी पेन उचललं. शेजारची परीक्षक बाई ओठ चावून हसू आवरत होती. हर्मेलिंदाला त्या पेनाचं टोक तेवढं दिसत होतं.

"नायदा, उभी राहा," ती म्हणाली. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"मिसा."

"परत!"

"मि... मिसा."

"ऐकलंत, मुलांनो? हिच्या घरी प्रार्थनेवर ताटं मांडतात!" आवाज तिचाच होता, धारदार आणि स्वच्छ. "अगं, आधी तोंडातला मका गिळ, मग बोल."

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरच्या एकाने मका चावल्याचा आवाज काढला, तसे लगेच सगळे काढू लागले. पास्तोर तर डोळे पुसेपर्यंत हसले. नायदा उभीच होती. तिला बस म्हणायचं हर्मेलिंदाला सुचलं नाही. तिने पुढची वीस मिनिटं शिकवलं, एकही स्वर न चुकता.

"सतरा," पास्तोर म्हणाले आणि चक्क उठून त्यांनी हात पुढे केला. "आज वर्गावर पकड दिसली. आता शोभता तुम्ही शिक्षिका."

तिने तो हात हातात घेतला. "आभारी आहे, डॉक्टर," असंही म्हणाली.

बाहेर येसेनियाने तिला मिठीच मारली. "जिंकलीस, मावशे! चल, फोटो काढू." पोरं रांगेने निघाली होती. हर्मेलिंदा तिची मिठी सोडवून रांगेपाशी गेली, नायदासमोर गुडघ्यांवर बसली आणि हळूच, आपल्या आईच्या भाषेत म्हणाली, "रागावलीस, बाळा? मीही तिकडचीच गं. तुझं गाव कुठलं?"

नायदाने तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. मग एकेक शब्द नीट जुळवून, स्पॅनिशमध्ये ती म्हणाली, "मला ही भाषा येत नाही, बाई."

एकही स्वर चुकला नव्हता. मग तिने पुढच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि रांगेबरोबर ती जिना उतरू लागली.