जोड तोडायची जागा

"काड्या आडव्याच पडल्या पायजे, आई. कशाबी पडल्या तं उजेडच येत नाई," अंजू म्हणाली. ती लॅपटॉपपुढे बसली होती आणि मी ताट वाढून केव्हाची तिच्या मागे उभी होते. सून माझी गुणाची, पण जेवायला बोलावलं की तिचं 'आलीच' भात थंड होईपर्यंत चालतं.

गावात अजून सांगतात, सुलोचनाबाईची सून टीव्ही दुरुस्त करते. एकजण तर टीव्ही डोक्यावर घेऊन आला होता. खरं काम तिने मला दहादा समजावलं आहे. टीव्हीच्या काचेवर लाखो ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात इलेक्ट्रोडच्या दोन पट्ट्या. त्यांवर शाई शिंपडतात, शाईत उजेड देणाऱ्या काड्या, डोळ्यांना न दिसण्याइतक्या बारीक. पट्ट्यांना करंट दिला की इकडेतिकडे पडलेल्या काड्या वळतात आणि एका पट्टीपासून दुसरीपर्यंत नीट आडव्या होतात. त्या पट्ट्यांची आखणी अंजू करते. एवढं सरळ आमच्या बांधीत कोणी धान रोवत नाही.

"अन् ह्या लाल खुणा कायच्या?" मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"तोडायच्या जागा. करंट सगळ्याइले एकसाथ द्या लागते, म्हणून पट्ट्या जोडून ठेवतो. काड्या बसल्या का जोड तोडतो."

"जोडलेलं राहू दे ना. तोडतेस काहून?"

"नाई तोडलं तं सगळे एकसाथच लागतेत, एकसाथच विझतेत. मग चित्र कसं दिसन, आई?"

मला काही ते पटलं नाही. मी म्हटलं, जेव आता.

भूपेंद्र, माझा लेक, मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याचे बाबा तर तो लहान असतानाच गेले होते. तेरवी झाल्यावर नाकाडोंगरीहून अंजूचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. ती गेली नाही. कंपनीला सांगून तिने काम घरी आणलं, आणि लाखांदूरजवळच्या या गावात आम्ही दोघीच राहिलो. मला फार बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्यात तिचं वय जाऊन राहिलं आहे, हे मी बघूनही बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिची मिटिंग चालू होती. मी चहा घेऊन दारापाशी गेले, तर साहेब हिंदीत बोलत होते. "अंजू, पॅनल अब बेंगलुरु की लैब में बनेगा। ड्रॉइंग तुम्हारी है, दो साल तो आना पड़ेगा।"

"सर, घर पे सास अकेली है। मैं नहीं आ सकती।"

"फिर यह काम किसी और को देना पड़ेगा।"

"दे दीजिए, सर," अंजू म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी काय लंगडी की लुळी? कप खाली ठेवला आणि सरळ लॅपटॉपपुढे जाऊन उभी राहिले. "साहेब, मैं उसकी सास बोल रही। वो आएगी। टिकट निकालो।"

स्क्रीनवरची चारपाच तोंडं बघतच राहिली. अंजूने घाईघाईत आवाज बंद केला. रागावेल वाटलं होतं. तिचे तर डोळे भरून आले.

"मले काढून देऊन राहिल्या का, आई?"

"वेडी का काय तू. तू घरात नसली तं मले घास गोड लागत नाई. पण मी मेल्यावर तू इथं कोणासाठी बसशीन? मले त्याचीच धास्ती हाये."

"तुमाले पाहीन कोण?"

"रोज फोन कर. नाई केला तं शिव्या देईन."

जायच्या दिवशी शेजारच्या सीताबाई ओसरीवर येऊन बसल्या. मी अंजूला पाटावर बसवलं आणि सुपात तांदूळ, खोबरं, सुपारी, हळकुंड घेतलं.

"विधवेची ओटी कोठं भरतेत का, सुलोचनाबाई?" सीताबाई म्हणाल्या.

"माझी पोरगी घरून जाऊन राहिली. पोरीची ओटी भरतेत."

भरणारी मी तरी कुठे सवाष्ण होते. तरी अंजूने मुकाट्याने ओढणी पसरली. माझ्या डोळ्यांना दिसेनासं झालं आणि ओंजळीतले तांदूळ पाटाभोवती सांडले.

मग सीताबाई गुडघ्यावर हात देत उठल्या, खाली बसून एकेक दाणा वेचला आणि अंजूच्या ओटीत टाकला. हळदीकुंकवाचा करंडाही त्यांनीच उचलला. अंजूने कपाळ पुढे केलं.

बस गावाबाहेरच्या फाट्यावर थांबते. अंजू दोन्ही हातांनी ओढणी सांभाळत चालली होती, म्हणून तिची बॅग मी घेतली.