पदरचं

घंटा वाजताच ती आतल्या खोलीत शिरली, दार लावून घेतलं आणि तपासणीच्या पलंगावर बसलेल्या मावशीसमोर रुग्णाच्या भूमिकेचा कागद धरला.

"यात नणंद कुठे आहे?"

मावशीने चष्मा सरसावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"नाही गं. पण त्या मुलीने विचारलं, घरी कोण कोण असतं. म्हटलं, गुडघा उगीच कसा दुखेल? कोणीतरी जिने चढायला लावत असेल ना."

"त्याआधीच्या मुलाला तू सांगितलंस की तू एकटी राहतेस."

"त्याचा चेहरा बघितला असतास तर तूही तेच सांगितलं असतंस. नणंद त्याला झेपली नसती."

तिने डोळे मिटून घेतले. मग शक्य तितक्या शांतपणे तिने सकाळचं सगळं पुन्हा सांगितलं. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तोच रुग्ण, तेच दुखणं, तीच वाक्यं. फरक पडला तर तो विद्यार्थ्यात पडला पाहिजे, रुग्णात नाही. नाहीतर या परीक्षेला अर्थ नाही आणि तिच्या संशोधनालाही.

"पदरचं काही घालायचं नाही, मावशी. एक शब्दसुद्धा."

"बरं बाई. नाही घालत," मावशी म्हणाली आणि पाय लांब करून गुडघ्यावर हात ठेवून तयार झाली.

खरं तर मावशी इथे यायचीच नव्हती. रुग्णाचं काम करणारी नटी आदल्या संध्याकाळी तापाने आडवी झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनांत वर्षानुवर्षं मुलांची नाटकं बसवणारी मावशी घरात रिकामी होती आणि तिने दुसऱ्या मिनिटाला होकार दिला. आज सकाळी मात्र निघता निघता मावशीच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. ओटा, फरशी, चपला, सगळीकडे दूध. लक्ष कुठे असतं तुझं, असं ती मावशीवर ओरडली होती, आणि पुसापुशीत दोघींना उशीर झाला होता.

ती बाहेर येऊन कानाला हेडफोन लावून बसली. दोन खोल्यांमधल्या काचेच्या या बाजूला परीक्षक सर खुर्चीत रेलून बसले होते. काच अशी होती की इकडून आतलं दिसायचं, आतून इकडचं नाही. सर नावाजलेले फिजिशियन होते आणि हा सगळा प्रकार त्यांना पोरखेळ वाटत होता. विद्यार्थ्याला समोर उभं करायचं, दोन प्रश्न विचारायचे, पोरगं कुठल्या मापाचं आहे ते कळतं, असं ते सकाळपासून ऐकवत होते. महिनाअखेरीच्या बैठकीत जुनी तोंडी परीक्षा ठेवायची की ही नवी आणायची ते ठरणार होतं. आजचे आकडे विस्कटले तर जुन्या परीक्षेसाठी सर सगळ्यांआधी हात वर करणार हे तिला माहीत होतं. तिने जुन्या परीक्षेचे निकाल तपासले होते. जेवणाआधी आत गेलेले आणि जेवणानंतर गेलेले यांच्या गुणांत जो फरक होता, तो बघून तिची झोप उडाली होती. ती डॉक्टर नव्हती, संख्याशास्त्र शिकलेली होती. कोणाचं नशीब परीक्षकाच्या भुकेवर ठरू नये, एवढाच तिचा हट्ट होता.

पुढची विद्यार्थिनी आत आली. हसून स्वतःचं नाव सांगितलं, हातांना जंतुनाशक लावलं. मावशीने गुडघ्याचं सगळं अगदी कागदाबरहुकूम सांगितलं. काचेमागे तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात हेडफोनमध्ये मावशी म्हणाली,

"आणि कधीकधी हा डावा हात जड होतो. जीभही अडखळते. थोड्या वेळाने जातं आपोआप."

"मी समजू शकते, किती त्रास होत असेल," विद्यार्थिनी म्हणाली. "गुडघ्याला सूज येते का?"

सरांनी यादीत सहानुभूतीसमोर बरोबरची खूण केली. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"हात कुठून आला?" सरांनी विचारलं.

"तिच्या डोक्यातून."

"काम झकास करते हो तुमची मावशी. जीभ अडखळते म्हणाली तेव्हा मी क्षणभर सरसावून बसलो."

पुढचा विद्यार्थी उंच होता आणि खुर्चीवर नीट मावत नव्हता. त्याने स्वतःचं नाव सांगायचं विसरून थेट गुडघ्याला हात घातला. मावशीने गुडघा सांगितला, मग हात सांगितला. मुलगा थांबला.

"जड म्हणजे कसा, आजी?"

"म्हणजे माझा नसल्यासारखा."

त्याने पेन खाली ठेवलं. त्याने आपली दोन-दोन बोटं तिच्या दोन्ही हातांत दिली आणि घट्ट दाबायला सांगितली. मग हसायला सांगितलं. मग पुन्हा दाबायला. शेवटचं कधी झालं, असं त्याने विचारलं, पण मावशीने आवाज इतका खाली आणला की हेडफोनमध्ये नीट ऐकू आलं नाही.

"इथे फक्त विचारायचंय, तपासायचं नाही," ती काचेला म्हणाली. "सूचना वाचतच नाहीत."

घंटा वाजली तेव्हा मुलाचं चालू औषधांचं विचारायचं राहिलं होतं, ॲलर्जीचं राहिलं होतं, गुडघा तर अर्ध्यातच सुटला होता. सरांनी बेरीज केली.

"नापास. आणि याचा दोष माझ्या भुकेवर ढकलू नका."

चहाची सुट्टी झाली. सर निघून गेले. ती आत गेली ती तावातावानेच. त्या मुलाचे गुण आता धरता येणार नव्हते, एका माणसाच्या हौसेपायी अख्खं सत्र धोक्यात आलं होतं, आणि हे सगळं तिने जाता जाताच बोलून टाकलं.

मावशीने चष्मा काढला होता. चष्म्याचं घर तिने डाव्या हातात धरलं आणि ते निसटून मांडीवर पडलं. तिने उचललं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा तिने ते गुडघ्यांत धरलं आणि उजव्या हाताने उघडलं.

बोलता बोलता ती थांबली. सकाळी फरशीवर पसरलेलं दूध पुसताना मावशी एकाच हाताने फडकं पिळत होती. तेव्हा तिला त्याचाही राग आला होता.

"घरी का नाही सांगितलंस?"

"घरी तू घाईत असतेस," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "इथे म्हटलं, तू काचेमागे बसलेली असशील. कानाला ते लावून."

तिने काचेकडे पाहिलं. काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि मागे मावशीचा. आतून ती काच नुसता आरसा होती.

ती दार उघडून बाहेर धावली. सर कँटीनच्या दिशेने कधीच दिसेनासे झाले होते. तिने रिसेप्शनवरच्या बाईंना सांगितलं, सरांना फोन करा, चहा सोडून या म्हणावं, आणि खाली आकस्मिक विभागालाही कळवा. उंच मुलगा बाकावर गुडघे जवळ घेऊन बसला होता. तिला बघून तो धडपडत उठला.

"मॅडम, वेळ पुरला नाही. पण त्या आजींची पकड खरंच… म्हणजे, त्या अभिनय करत असतील तर—"

"आत ये," ती म्हणाली.

त्याला पाहताच मावशी सवयीने सावरून बसली. पाय लांब केले, हात गुडघ्यावर ठेवला.

"डॉक्टर, गेले काही महिने जिना चढताना माझा हा गुडघा…"

तिने खुर्ची ओढली, मावशीच्या अगदी जवळ बसली आणि तो डावा हात आपल्या हातात घेतला.

"गुडघा राहू दे, मावशी," ती म्हणाली. "पदरचं सांग."